सहा तासांचा अंदाज, सहा आठवड्यांचा हिशेब : लुईस फ्राय रिचर्डसन

हवेचा सहा तासांचा अंदाज काढायला एका माणसाला सहा आठवडे लागले. ज्या दिवसाचा अंदाज काढत होता, तो दिवस उलटून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. आणि एवढं करून अंदाज चुकला. थोडाथोडका नाही, पृथ्वीवर कधी घडलं नाही एवढा चुकला. पण त्या माणसाने तो हिशेब दडवला नाही. आकड्यांच्या तक्त्यांसकट पुस्तकात छापला.

जून लागला की आपल्या मोबाइलवर ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट येऊ लागतात. त्यामागचा सुपरकॉम्प्युटर मुळात करतो काय, हे समजून घ्यायचं तर याच माणसाकडे जावं लागतं. नाव लुईस फ्राय रिचर्डसन. हवामानशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, बाहेर मात्र फारसं कुणी घेत नाही.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडल्या न्यूकॅसल शहरातला. घरचा धंदा कातडी कमावण्याचा. सात भावंडांत हे शेंडेफळ. घराणं क्वेकर पंथाचं. हा ख्रिस्ती धर्मातला एक लहान पंथ. कुठल्याही कारणासाठी शस्त्र हाती धरायचं नाही, ही त्यांची शिकवण. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण रिचर्डसन यांच्या आयुष्यातले बहुतेक मोठे निर्णय तिच्यापाशी येऊन थांबतात.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून १९०३ साली ते बाहेर पडले आणि पुढची दहा वर्षं या नोकरीतून त्या नोकरीत फिरले. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, वेल्समधलं एक कॉलेज, दिव्यांचा कारखाना, अशी ती यादी आहे. त्यात एक नोकरी पीट काढणाऱ्या कंपनीतली होती. पीट म्हणजे दलदलीत वर्षानुवर्षं कुजलेल्या झाडपाल्याचा थर, वाळवून जळणाला वापरतात. तो काढायचा तर आधी जमिनीतलं पाणी निचरायला हवं. मग चर कुठे खणायचे, किती अंतरावर? पाणी जमिनीतून कसं झिरपतं याचं समीकरण माहीत होतं, पण खऱ्या जमिनीच्या वेड्यावाकड्या आकाराला ते लागू करून उत्तर काढणं कुणाला जमत नव्हतं. रिचर्डसन यांनी सोपी वाट धरली. जमिनीचे कागदावर बारीक चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनासाठी शेजारच्या चौकोनांवरून साधी बेरीज-वजाबाकी केली. उत्तर तंतोतंत नसेल, पण कामापुरतं बरोबर असेल. हीच रीत त्यांनी पुढे इजिप्तमधल्या आस्वान धरणाच्या दगडी बांधकामावर पडणारा ताण काढायला वापरली आणि तो निबंध १९१० मध्ये रॉयल सोसायटीने छापला.

दरम्यान १९०९ मध्ये डोरोथी गार्नेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. स्वतःचं मूल झालं नाही. पुढे तीन मुलं त्यांनी दत्तक घेतली. डोरोथीबाईंचं नाव या गोष्टीत शेवटी पुन्हा येणार आहे.

डोकं कसं चालायचं याचा एक नमुना. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. आठवड्याच्या आत रिचर्डसन यांनी पेटंटसाठी अर्ज केला. आवाज सोडायचा, हिमनगावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि अंतर काढायचं, अशी ती कल्पना होती. महिन्याभरात पाण्याखालच्या आवाजासाठी दुसरा अर्ज गेला. आज जहाजं समुद्राची खोली याच तत्त्वावर मोजतात.

१९१३ साली ब्रिटिश हवामान खात्याने त्यांना स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर या आडगावच्या वेधशाळेचं प्रमुख केलं. तिथे निवांतपणा भरपूर. आणि तिथेच चौकोनांची रीत त्यांनी आभाळाला लावायचं ठरवलं.

त्या काळी अंदाज कसा निघायचा? आजचा नकाशा घ्यायचा, जुन्या नकाशांत त्याच्यासारखा दिसणारा शोधायचा आणि तेव्हा पुढे जे झालं तेच आता होईल असं सांगायचं. आपल्याकडे म्हातारी माणसं मागच्या एखाद्या मृगाचा दाखला देतात, त्याच जातीचं काम. रिचर्डसन यांना हे पटेना. ग्रहण कधी लागणार हे आपण मागच्या ग्रहणासारखं दिसतंय म्हणून सांगत नाही, गणित करून सांगतो. मग वाऱ्या-पावसाचं गणित का करू नये? नॉर्वेच्या विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्येच दाखवून दिलं होतं की हवेचे नियम ठाऊक आहेत. वारा का हलतो, उष्णता कुठे जाते, बाष्पाचं काय होतं, सगळ्याची समीकरणं आहेत. अडचण एकच, ती सोडवायची कशी.

तर उपाय असा. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखायचे, प्रत्येकाची बाजू साधारण २०० किलोमीटर. प्रत्येक चौकोनावरची हवा जमिनीपासून वर पाच थरांत कापायची. झाले खोके तयार. प्रत्येक खोक्यात आत्ता वारा किती, दाब किती, उष्णता किती, दमटपणा किती हे भरायचं. मग शेजारच्या खोक्यांकडे बघून थोड्या वेळाने प्रत्येकात काय असेल ते काढायचं. ते आलं की त्यावरून आणखी पुढचं. ऊन जमिनीला किती तापवतं, ओल्या मातीतून आणि झाडांच्या पानांतून किती बाष्प वर जातं, हेसुद्धा त्यांनी हिशेबात धरलं. आजच्या हवामान बदलाच्या मॉडेलमध्ये माती आणि झाडं असतात, त्यांची जागा या माणसाने शंभर वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे.

इतक्यात महायुद्ध पेटलं. क्वेकर म्हणून ते लढणार नव्हते, पण घरी बसून राहणंही त्यांना सोसेना. १९१६ मध्ये हवामान खात्याचा राजीनामा देऊन ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले आणि फ्रान्सच्या आघाडीवर, एका फ्रेंच पायदळ तुकडीबरोबर, जखमी सैनिकांना मागे नेणारी गाडी चालवू लागले. वय पस्तिशीला आलेलं. बरोबर पुस्तकाचं हस्तलिखित.

गाडी चालवण्याच्या पाळ्यांमधून जो वेळ मिळे त्यात, एका गारठलेल्या मुक्कामाच्या जागी, गवताच्या ढिगावर बसून त्यांनी तो नमुन्याचा अंदाज काढला. दिवस निवडला २० मे १९१०, सकाळी सातचा. कारण त्या दिवसांत हॅलेचा धूमकेतू आला होता आणि त्यानिमित्त युरोपभर फुगे सोडून वरच्या हवेच्या नोंदी घेतल्या होत्या. ब्यर्कनेस यांनी त्या नोंदींचे नकाशे केले होते. म्हणजे एरवी न मिळणारी वरची हवा त्या एका दिवसापुरती आयती मिळत होती. मधल्या युरोपातल्या एका जागेसाठी पुढच्या सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल, एवढाच प्रश्न.

हिशेबाचं उत्तर आलं १४५ हेक्टोपास्कल वाढ. समुद्रसपाटीवर दाब साधारण १०१३ असतो आणि अक्राळविक्राळ चक्रीवादळाच्या पोटातसुद्धा तो शंभरभराने उतरला तर फार झालं. त्या दिवशी प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता.

चूक गुणाकार-भागाकाराची नव्हती. बाजाराच्या दिवशी बेळगावच्या बसस्टँडवर किती माणसं वाढली हे काढायचंय असं समजा. फाटकातून आत आलेले मोजले, बाहेर गेलेले मोजले, वजाबाकी केली. दोन्हीकडचे आकडे हजारांत, फरक पाच-पन्नासाचा. मोजणाऱ्याकडून शेकड्याला दोन माणसं जरी चुकली तरी फरकाचं पार वाटोळं होतं. हवेचंही तसंच. एका चौकोनात येणारा वारा आणि जाणारा वारा दोन्ही प्रचंड, दाब ठरतो त्यांच्या किंचितशा फरकावर. फुग्यांच्या नोंदींत वाऱ्याच्या ज्या लहान चुका होत्या, त्यांनी खोट्या लाटा उठवल्या आणि हिशेब वाहून गेला. दोष सुरुवातीच्या वाऱ्याच्या नोंदींचा आहे हे रिचर्डसन यांनी स्वतःच ओळखलं होतं. आयर्लंडचे पीटर लिंच यांनी अलीकडे तोच हिशेब कॉम्प्युटरवर पुन्हा मांडला, सुरुवातीच्या नोंदी आधी एकमेकांशी जुळवून घेतल्या, बाकी सगळं रिचर्डसन यांचंच ठेवलं. उत्तर आलं एका हेक्टोपास्कलच्या आत. म्हणजे रीत खरी होती.

पण १९१७ मध्ये हे कुणाला माहीत? उलट त्या वर्षी शँपेनच्या लढाईच्या धामधुमीत हस्तलिखितच हरवलं. सुरक्षित राहावं म्हणून मागे पाठवलं होतं, तेच गेलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. न सापडतं तर हे शास्त्र किती वर्षं मागे पडलं असतं कोण जाणे. कदाचित फार नाही, कारण ते पुस्तक १९२२ मध्ये केंब्रिजने छापलं तेव्हा फारसं कुणी हाती धरलंच नाही. समीक्षा बऱ्या आल्या, कामाला कुणी लागलं नाही. सहा आठवड्यांत सहा तास, आणि तेही चूक. कोण लागणार?

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पनाचित्र रंगवलं आहे, आणि जगाने त्यांचं पुढे काही लक्षात ठेवलं असेल तर तेच. नाट्यगृहासारखी एक प्रचंड गोल इमारत. भिंतींवर आतून सगळ्या पृथ्वीचा नकाशा रंगवलेला. सज्ज्यासज्ज्यांतून ६४,००० माणसं बसलेली, जो तो आपापल्या प्रदेशाचा हिशेब करतोय आणि शेजाऱ्याला आकडा दाखवतोय. मध्ये उंच खांबावर एक जण उभा. जो विभाग पुढे पळेल त्याच्यावर तो गुलाबी उजेड टाकणार, जो मागे रेंगाळेल त्याच्यावर निळा. भजनात कुणाचा टाळ पुढे गेला की बुवा नुसत्या नजरेने दाबतात ना, तसं. हवा जेवढ्या वेगाने बदलते तेवढ्याच वेगाने हिशेब करायला ६४,००० माणसं लागतील असा त्यांचा अडाखा होता. इमारतीबाहेर मैदानं, डोंगर, तळीही त्यांनी ठेवली होती, हवेचा हिशेब करणाऱ्यांना ती मोकळी हवा मिळावी म्हणून.

गंमत वाटेल, पण सुपरकॉम्प्युटरची रचना अगदी अशीच असते. हजारो प्रोसेसर, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, प्रत्येक जण शेजाऱ्याला आकडे देतोय, आणि सगळ्यांना एका चालीत ठेवणारी व्यवस्था. त्यांनी कारकून बसवले होते, आता चिप बसतात.

युद्धावरून परतल्यावर रिचर्डसन पुन्हा हवामान खात्यात लागले, ऑक्सफर्डजवळ बेन्सन इथे. वरच्या हवेतला वारा मोजायला ते बंदुकीतून आभाळात सरळ गोळ्या उडवत आणि त्या कुठे पडतात ते बघत. पण १९२० मध्ये खातं हवाई मंत्रालयाच्या, म्हणजे वायुसेनेच्या छत्राखाली गेलं. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. आवडीचं काम, हाताशी उपकरणं, सगळं सोडून ते लंडनच्या एका अध्यापक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

तिथेही संशोधन सुटलं नाही. हवेत मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान आणखी लहान, शेवटी सगळी ताकद उष्णतेत विरते. हा विचार त्यांनी मांडला, त्यावर एक छोटं विनोदी पद्यही रचलं. वाऱ्याची खळबळ कधी वाढेल आणि कधी शमेल हे सांगणारा एक आकडा आजही रिचर्डसन अंक म्हणून शिकवतात. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीने सभासद करून घेतलं. धूर किंवा वायू हवेत कसा पसरत जातो यावरचं त्यांचं नामांकित काम त्याच वर्षीचं.

आणि याच कामाने घात केला. हवेत वायू कसा पसरतो हे कळलं की विषारी वायू कुठवर पोचेल हेही काढता येतं. त्या बाजूची माणसं आपल्या निबंधांत रस घेताहेत हे लक्षात आल्यावर रिचर्डसन यांनी हवामानाचं काम थांबवलं आणि जे छापलं नव्हतं ते नष्ट करून टाकलं. हे डोरोथीबाईंनी पुढे सांगितलं. ते काम काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. शास्त्रज्ञ उपयोगाला जबाबदार नसतो असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. इथे एका माणसाने स्वतःच्या आयुष्याचं काम बंबात घालावं तसं घातलं. मला हा प्रसंग त्या चुकलेल्या अंदाजापेक्षा मोठा वाटतो.

मग चाळिशी ओलांडल्यावर ते मानसशास्त्र शिकायला बसले, लंडन विद्यापीठाची पदवी घेतली. १९२९ पासून स्कॉटलंडमधल्या पेझ्ली इथल्या तंत्रशिक्षण कॉलेजचे प्राचार्य. १९४० मध्ये मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कशासाठी? युद्धाचं गणित करायला. दोन देश एकमेकांच्या भीतीने शस्त्रं वाढवत जातात त्याची समीकरणं त्यांनी मांडली. १८२० पासूनच्या शेकडो युद्धांची, दंग्यांची, मेलेल्या माणसांच्या आकड्यांनिशी यादी केली. भाषा एक असली की लोक कमी लढतात का, हेही तपासलं. आकडे तसं सांगत नव्हते. मात्र ज्या देशाला शेजारी जास्त, त्याच्या वाट्याला युद्धंही जास्त, असं दिसलं.

त्यातून सीमांची लांबी मोजायची वेळ आली, आणि इथे आपल्या सीमाभागातल्या वाचकाने कान टवकारावेत. स्पेन-पोर्तुगाल सीमा एका पुस्तकात ९८७ किलोमीटर, दुसऱ्यात १,२१४. हॉलंड-बेल्जियम सीमा कुठे ३८०, कुठे ४४९. कोणी खोटं बोलत नव्हतं. मोजपट्टी जितकी आखूड घ्यावी तितकी वळणं जास्त सापडतात आणि सीमा लांबत जाते, हे रिचर्डसन यांच्या ध्यानात आलं. ते गेल्यावर हा निबंध बेन्वा मँडेलब्रॉ यांच्या हाती लागला, आणि त्याच्या आधाराने त्यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवर लिहिलेला लेख हा फ्रॅक्टल भूमितीचा आरंभ मानला जातो. सीमा नेमकी किती लांब याला एकच उत्तर नसतं, हे एका शांततावाद्याने युद्धं मोजता मोजता शोधलं.

म्हातारपणी नवरा-बायको किल्मन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात राहत. १९४८ मध्ये हेन्री स्टॉमेल हे समुद्रशास्त्रज्ञ तिथे आले, तर दोघांनी धक्क्यावरून पाण्यात पार्सनिपचे तुकडे टाकले आणि ते एकमेकांपासून कसे लांब जातात ते मोजलं. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं पांढरट कंदमूळ. वरून नीट दिसतं आणि जवळजवळ बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. त्यावरचा निबंध शास्त्रीय मासिकात रीतसर छापून आला.

तोवर अमेरिकेत एनिॲक नावाचं यंत्र उभं राहिलं होतं. १८,००० च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, वजन सुमारे ३० टन. लष्कराने तोफगोळ्यांचे तक्ते काढायला बांधलेलं. हायड्रोजन बॉम्बचे हिशेबही त्यावर झाले. १९५० च्या मार्च-एप्रिलमध्ये जूल चार्नी, रॅग्नार फ्योर्टॉफ्ट, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच यंत्रावर हवेचा अंदाज काढला. समीकरणं त्यांनी बरीच सोपी केली, म्हणजे रिचर्डसन यांना बुडवणाऱ्या त्या खोट्या लाटा उठणारच नाहीत अशी. चोवीस तासांच्या अंदाजाला चोवीस तासांच्या आसपास वेळ लागला. हवा आणि हिशेब पहिल्यांदाच बरोबरीने धावले. (तोच हिशेब २००८ मध्ये नोकियाच्या साध्या मोबाइलवर करून बघितला, तर एक सेकंदही लागला नाही.)

ज्या माणसाने खातं लष्कराकडे गेलं म्हणून नोकरी सोडली, त्याचं स्वप्न तोफखान्याच्या यंत्रावर खरं झालं. चार्नी यांनी निकाल रिचर्डसन यांना पाठवले. रिचर्डसन यांनी कुरकुर केली नाही, मनापासून अभिनंदन केलं, आणि शिवाय एक परीक्षा घेतली. सुरुवातीचा नकाशा, यंत्राने वर्तवलेला नकाशा आणि खरा नकाशा डोरोथीबाईंपुढे ठेवले. खऱ्याशी जास्त जुळतं कोण, हवा काहीच बदलली नाही असं धरून घेतलेला पहिला नकाशा की यंत्राचा? बाईंनी एकेक बघून कौल दिला. सरासरीत यंत्र जिंकलं, पण थोडक्यात. सत्तरीला आलेल्या नवरा-बायकोंनी जेवणाच्या टेबलावरचं भांडं तपासावं तशी जगातल्या पहिल्या संगणकी अंदाजाची तपासणी केली.

३० सप्टेंबर १९५३ रोजी रिचर्डसन झोपेतच गेले. पुढच्याच वर्षी स्वीडनने कॉम्प्युटरवर रोजचे अंदाज काढायला सुरुवात केली. १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी अंदाजाऐवजी साऱ्या वातावरणाची सर्वसाधारण चाल यंत्रावर उभी केली, आणि हवामान बदलाची मॉडेलं त्या फांदीवर वाढली. खोके तेच. फक्त उद्याऐवजी शंभर वर्षं पुढे चालवायचे.

भारतात हवामानासाठी पहिला सुपरकॉम्प्युटर, अमेरिकन क्रे, १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत आला. त्याहून मोठं यंत्र द्यायला अमेरिका तयार होईना, म्हणून पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत अर्क नावाचं यंत्र आहे, सप्टेंबर २०२४ पासून. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा हजार लाख कोटी हिशेब. त्यावर चालणाऱ्या भारत फोरकास्ट सिस्टममध्ये चौकोनाची बाजू ६ किलोमीटरवर आली आहे. त्याआधी ती १२ होती.

हा फरक बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रिचर्डसन यांच्या २०० किलोमीटरच्या एका चौकोनात पणजी, आंबोली, कणकुंबी, बेळगाव आणि पार अथणीपर्यंतचा मुलूख मावतो. त्या हिशेबात सगळ्यांना पाऊस सारखा. इकडे कणकुंबीला दिवसेंदिवस धार तुटत नाही आणि अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. ६ किलोमीटरच्या चौकोनात घाट निदान घाटासारखा दिसू लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, मलप्रभा, घटप्रभा एकदम फुगल्या तेव्हा पाऊस नेमका घाटमाथ्याच्या कुठल्या अंगाला किती पडणार, यावर खालच्या गावांचं सगळं अवलंबून होतं.

आणि एक काम अजूनही प्रत्येक अंदाजाच्या आधी करावंच लागतं. उपग्रह, रडार, फुगे, जहाजं, विमानं यांच्याकडून आलेल्या नोंदी एकमेकांशी जुळवायच्या, त्यांतला खोटा गलका काढून टाकायचा, वारा आणि दाब यांचा मेळ बसवायचा. तो बसला की मगच पहिला चौकोन पुढे सरकतो. गवताच्या ढिगावर बसलेल्या ड्रायव्हरला नेमकी हीच पायरी मिळाली नव्हती.